विहिरीवरचं मडकं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

झाशीच्या वेढ्याचं प्रकरण वाचताना घसा कोरडा पडला. तहान तू फार खरी लिहिली आहेस. पण त्याच प्रकरणात एका माणसाला, खऱ्या नावानिशी, फितूर ठरवलंस. पुरावा विचारला तर म्हणालीस, "कादंबरीत एवढी मोकळीक असतेच." त्या वाक्यासाठी हे पत्र.

वरसईचे विष्णुभट गोडसे आठव. कर्ज फिटावं म्हणून दानदक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. वेढ्यात ते झाशीतच होते. पुढे काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना राणी भेटली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाला हे काम कसं सांगू म्हणून तिने मडकं स्वतःच घेतलं. हे त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी. एवढ्या काळाने संवाद शब्दशः आठवत नाहीत. तरी त्या विहिरीवर माझा विश्वास आहे, कारण आपण कुठे उभे होतो ते भटजी लपवत नाहीत. बंडाची कारणं ते शिपायांच्या तोंडून ऐकलेली म्हणूनच सांगतात. त्यातल्या कित्येक वावड्या होत्या. पण लोक त्या खऱ्या मानत होते, हा इतिहासच आहे.

चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते लेखन छापलं, तेव्हा मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम ते इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांनी छापलं १९६६ साली. तोवर लोक वाचत होते ते भटजी थोडे वैद्यांचेही होते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाच.

दोराचा हाताला बसलेला काच, मडक्याचा गारवा, राणी निघून गेल्यावर भटजींच्या मनात काय आलं, हे सगळं तू खुशाल रच. कादंबरी त्यासाठीच असते. पण मेलेल्या माणसावर गुन्हा रचायचा नाही. तो उत्तर द्यायला येत नाही गं. संभाजीराजांचं काय झालं बघ. १६८१ साली त्यांनी आपले चिटणीस बाळाजी आवजींना देहान्त दिला. सव्वाशेहून जास्त वर्षांनी बाळाजींच्याच वंशातल्या मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली. तिच्यातला व्यसनी राजा पुढे नाटकांनी घरोघर पोचवला. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागद धुंडाळून १९६० साली राजांचं चरित्र छापलं, तेव्हा कुठे ते चित्र पालटू लागलं.

आजीच्या आठवणी लिहितेस, तिथेही 'आई सांगायची' हे शब्द गाळू नकोस. ते गाळले की ऐकलेलं पाहिलेलं होऊन बसतं.

त्या माणसाला दुसरं नाव दे, नाहीतर पुराव्याचा कागद मला दाखव. आणि पुढचं प्रकरण लवकर धाड. ती तहानलेली माणसं झाशीबाहेर पडली का, ते मला वाचायचंय.

तुझे,
काका