शिकवण्याचा कंटाळा, की शिकवू न दिल्याचा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे शिक्षकी पेशाविषयीची आहेत. पहिले पत्र मोठे होते, म्हणून त्याचा सारांश दिला आहे. उत्तर मात्र सारांशाने भागण्यासारखे नाही.

प्रश्न : मी पन्हाळा तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत उपशिक्षक आहे. वय ५१, नोकरीला १९९८ साली लागलो. दोघांपैकी एकाने ऑनलाइन माहिती भरायची आणि दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे, असा आमचा दिवस जातो. पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्यांचे काम, सर्वेक्षणे, प्रशिक्षणे आणि रात्री दहानंतर गटावर येणारे ‘उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती सादर करावी’ हे संदेश यांतून वेळ उरला तर शिकवतो. पाच सप्टेंबरला गुलाब मिळतो, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस म्हणतो, ‘मास्तरांचं काय, सुट्ट्याच सुट्ट्या.’ आता या वयात शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) द्यावी लागणार आहे. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, असे मनात फार येते. घरी थकलेली आई आहे, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काय करावे?

उत्तर : गुरुजी, आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचले. ज्या ज्या गोष्टीने आपण त्रासला आहात, तिच्याखाली रेघ मारत गेले. साडेतीन पानांत एकोणीस रेघा झाल्या, पण त्यांतली एकही मुलांच्या नावाखाली पडली नाही. उलट तिसऱ्या पानावर आपण चौथीतल्या एका मुलीची हकीकत लिहिली आहे, जिला शंभरातून सदतीस वजा करणे काही केल्या जमत नव्हते. आपण तिच्यापुढे काड्यांचा शंभराचा गठ्ठा ठेवला, तो तिच्याकडून सोडवून दहांचे दहा गठ्ठे करून घेतले, मग त्यांतला एक सोडवला, आणि ती आपणहून म्हणाली, ‘म्हणजे गुरुजी, उसनं बाहेरनं आणायचं नसतं, आपल्याच गठ्ठ्यातलं असतंय.’ हा एवढा प्रसंग आपण अर्धे पान लिहिला आहे. ज्याला शिकवण्याचा कंटाळा आला आहे, तो माणूस असे अर्धे पान लिहीत नाही. आपल्याला कंटाळा आला आहे तो शिकवू न दिल्याचा, आणि हे दोन कंटाळे वेगळे असल्यामुळे त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्या तीन शब्दांच्या पोटात किती कामे कोंबता येतात हे आपण पाहतोच आहोत. तरीही सुचवते की, एक महिनाभर रोज कोणत्या कामाला किती मिनिटे गेली याची साधी वही ठेवा. ‘आम्हाला फार कामे असतात’ हे वाक्य केंद्रप्रमुखांपासून पालकांपर्यंत सर्वांना पाठ झाले आहे, त्यामुळे ते आता कोणाच्या कानांत शिरत नाही. ‘या महिन्यात तिसरीच्या वर्गाला गणिताच्या चौदा तासिका मिळाल्या नाहीत’ हे वाक्य मात्र शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांना लगेच कळते, कारण ती त्यांच्या मुलांची तासिका असते. आपल्या बाजूने पालक उभे राहिले, तर पंगतीतल्या शेजाऱ्यालाही परस्पर उत्तर मिळते.

परीक्षेचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे ज्यांची सेवा त्या दिवशी पाच वर्षांपेक्षा अधिक उरली होती, त्या शिक्षकांना दोन वर्षांच्या आत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे, आणि आपण त्यांत मोडता. सत्तावीस वर्षे शिकवल्यानंतर पुन्हा परीक्षेला बसण्यात जो अपमान वाटतो तो मी नाकारणार नाही. तो रास्त आहे. पण अपमान आणि अवघडपणा यांची गल्लत करू नका. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच भागांचे प्रत्येकी तीस, असे दीडशे प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शंभराचा गठ्ठा सोडवणाऱ्याला गणिताचा आणि परिसराचा भाग नवा नाही. मानसशास्त्राची परिभाषा तेवढी घोकावी लागेल. तालुक्यातले चारपाच समवयस्क शिक्षक शनिवारी दुपारी एकत्र बसलात, तर निम्मे ओझे तिथेच उतरेल.

आता हिशेब. वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा झालेल्या शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते, आणि आपण २००५ पूर्वीचे असल्याने जुनी निवृत्तिवेतन योजना आपल्याला लागू आहे. समजा, आज मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. आज बाहेर पडलात, तर मूळ निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे ३०,००० बसेल. ५८ व्या वर्षापर्यंत थांबलात आणि दरवर्षी साधारण तीन टक्क्यांची वेतनवाढ धरली, तर मूळ वेतन ७३,८०० च्या घरात जाते आणि निम्मे होते ३६,९००. महागाई भत्ता दोन्हीकडे वर येईलच. शिवाय मधल्या सात वर्षांचा पूर्ण पगार आहे, आणि मुलाची अभियांत्रिकीची उरलेली वर्षे त्याच काळात येतात. आईची शुश्रूषा हे कारण असेल, तर आधी खात्यावरच्या रजा मोजा. पुष्कळ शिक्षक साठलेली रजा न वापरताच राजीनाम्याचा मसुदा लिहायला बसतात.

आणि एक गोष्ट निवृत्ती घ्या वा न घ्या, या दिवाळीच्या सुट्टीतच करा. सेवापुस्तक पाहा. माझ्या बाबतीत असे झाले की, एका शाळेतून दुसरीकडे बदली झाली त्या वर्षाच्या अकरा महिन्यांच्या सेवेची पडताळणी नोंदलीच गेली नव्हती, आणि हे लक्षात आले निवृत्तीला पाच महिने उरले असताना. संबंधित कार्यालयातले त्या वर्षीचे दप्तर पुराच्या पाण्यात भिजून एकमेकांना चिकटले होते. पगारपत्रकांची पाने वाफेवर धरल्यासारखी हळूहळू सोडवत मी आणि तिथला लिपिक दोन दुपारी बसलो होतो, आणि माझे निवृत्तिवेतन त्या अकरा महिन्यांपायी उशिरा सुरू झाले. जन्मतारखेवरची खाडाखोड, वारसाची नोंद, बदलीच्या वेळची कार्यमुक्ती, वरिष्ठ श्रेणीची वेतननिश्चिती, एवढ्या चार जागा डोळ्यांखालून घाला.

राहिला गुलाब. पाच सप्टेंबरच्या भाषणांत कोठारी शिक्षण आयोगाचे ‘देशाचे भवितव्य वर्गखोल्यांत घडते आहे’ हे वाक्य हमखास येते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. १९६६ च्या त्याच अहवालात शिक्षकाच्या दर्जावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात वेतनश्रेणी, सेवाशर्ती आणि निवृत्तीनंतरचे लाभ यांची चर्चा आहे, गुलाबाची नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा पुष्कळ गावांत कोर्टाची नोटीस किंवा पुण्या-मुंबईचे पोस्टकार्ड वाचून दाखवणारा गुरुजींखेरीज दुसरा कोणी नसे. गुरुजी दिसले की लोक ओट्यावरून उठत, त्यात पोस्टकार्डाचा वाटा मोठा होता. आज घरोघरी वाचणारे आहेत, आणि ते आपल्याच पेशाने तयार केले आहेत. तो जुना मान परत येणार नाही, आणि मला तो यावा असेही वाटत नाही.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, माझे ऐकाल तर, परीक्षेचा निकाल आणि महिनाभराची वही हातात येईपर्यंत लिहू नका.

प्रश्न : मी गडहिंग्लजची. वय २४. डी.एड. झाले, शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमधून शिक्षणसेवक म्हणून निवड झाली आहे. मामा म्हणतात, सोळा हजारांसाठी आडगावी जाण्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. पेन्शनही नाही म्हणे. खरे काय?

उत्तर : मामांची आकडेमोड बरोबर आहे, पण अर्धी आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये मानधन मिळते, पूर्वी ते ६,००० होते. हा तीन वर्षांचा काळ संपला की नियमित वेतनश्रेणी सुरू होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी योजना लागू नाही, हेही खरे. २०२३ च्या मार्चमधला राज्यव्यापी संप याच प्रश्नावर होता. पण ‘पेन्शन नाही’ हे म्हणणे चूक आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आपल्या वेतन व महागाई भत्त्यातून दहा टक्के कपात होते आणि शासन चौदा टक्के भरते. निवृत्तीच्या वेळी त्यातून साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती घेता येते, बाकीची मासिक उत्पन्नासाठी गुंतवावी लागते. त्यात शेवटच्या पगाराच्या निम्म्याची जुनी हमी नाही. म्हणून पहिल्या नियमित पगारापासून वेगळी थोडी बचत करा आणि खात्यावर दोन्ही रकमा जमा होतात की नाही हे वर्षातून एकदा पाहा.

पैशांपेक्षा मला दुसरेच विचारायचे आहे. आपल्या पत्रात मुलांचा उल्लेख कुठेच नाही. पत्र लहान होते, त्यामुळे यावरून काही ठरवत नाही. पण रुजू होण्यापूर्वी आठवडाभर एखाद्या ओळखीच्या बाईंच्या पहिलीच्या वर्गात मागे बसून पाहा. साडेतीन वाजता, पाऊस लागून राहिलेला असताना आणि दोन मुले रडत असताना वर्ग कसा दिसतो, हे पाहून जर घरी यावेसे वाटले, तर मामांचे ऐका. बँकेतही माणसे लागतातच.

प्रश्न : आमचे हे माध्यमिक शाळेतून तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पहाटे उठून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतात, आणि परत आले की वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढत बसतात. दुसरीतल्या नातवाला रोज दोन पाने गृहपाठ देतात. सुनेची चिडचिड होते. यांना कशात गुंतवावे?

उत्तर : वहिनी, तीन महिने फार नाहीत. पस्तीस वर्षे घंटेवर उठलेल्या-बसलेल्या माणसाला घंटेशिवाय बसता यायला वर्ष लागते, मलाही लागले. त्यांना ‘गुंतवण्याची’ जबाबदारी मात्र आपण घेऊ नका, कारण ती नकळत आपल्याच गळ्यात पडेल. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथे वाचक म्हणून जाऊ द्या. पहिले काही महिने कार्यकारिणीवर वगैरे नको. शेजारच्या मुलांची फुकट शिकवणी सुरू करायचा बेत ते आखतीलच, त्यालाही सध्या मोडता घाला. बँकेची कामे आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला त्यांनाच करू द्या. वर्तमानपत्रातल्या चुका खऱ्या असतात, तेव्हा लाल पेन हातात राहू द्यायला हरकत नाही. आणि गृहपाठाचे सुनेने मनावर घेऊ नये. नातवाला कंटाळा आला की तोच सांगेल. दुसरीतली मुले ते फार स्पष्ट सांगतात.