ती तहानलेली नव्हती

“मावशी, आई जाऊन सात महिने झाले. नाशिकच्या घरातली तिची तुळस मी ठाण्याला फ्लॅटवर आणली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी पानं गळून नुसत्या काड्या उरल्यात. आजारपणात मी आईजवळ नव्हते, नोकरीमुळे शनिवार-रविवारच जायचे. आता तिची तुळसही मला जगवता आली नाही. नवरा म्हणतो, दुसरी आण. ते ऐकलं की रडूच येतं.”
– एक लेक, ठाणे

बाळा,

कुंडीखालची ताटली उचलून बघ. पाणी साचलेलं असेल. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. सासूबाई गेल्यावर त्यांचा मोगरा मी असाच घालवला. उपटला तेव्हा मुळं हाताला बुळबुळीत लागली, कुबट वास आला. तोवर मला वाटत होतं, माझंच काहीतरी कमी पडतंय.

तुझंही कमी पडलेलं नाही गं. रोज दोनदा घालत होतीस ते पाणी आईला पाजायचं राहून गेलेलं होतं. ते एका कुंडीत कसं मावणार? आणि दर आठवड्याला ठाण्याहून नाशिक गाठणारी लेक ‘जवळ नव्हते’ म्हणते, हे मला पटत नाही. आईनं कधी तशी तक्रार केल्याचं तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. नवऱ्याला हे सगळं सांग. त्याला झाड दिसतंय, तुला आई दिसते. न सांगता त्याला कसं कळणार?

आता खोडाची साल नखानं जरा खरवड. आत हिरवं असेल तर सुकलेल्या फांद्या छाट, मातीत थोडी वाळू मिसळ, कुंडी उन्हात ठेव. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी.

आत तपकिरी निघालं, तर ती गेली. पण कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांत जून होतेच. तुझ्या आईनंही मंजिरीचं बी टाकून ती कितीदा नवी केली असेल! ‘आईची तुळस’ हे एकच झाड कधी नव्हतंच.

काड्यांवर वाळलेल्या मंजिऱ्या असतील तर तळहातावर चुरड. मोहरीहूनही बारीक बी निघेल. भुसभुशीत मातीवर पसर, वर चिमूटभर माती, आणि हातानंच पाणी शिंपड. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतील. मंजिऱ्या नसतील तर नाशिकच्या शेजारणींना फोन लाव. आईनं दिलेलं रोप कुणाच्या ना कुणाच्या अंगणात असेल, आणि आईबद्दल बोलायला त्यांनाही कुणीतरी हवंच असेल.

– मावशी