फोटो चिकटवू नका, बसवा

गेल्या वेळी या सदरात घरच्या फोटोंची छोटी पुस्तकं घरीच कशी बांधायची, त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरं काहीच घेत नाही. माझे वडील पुण्यात नारायण पेठेत बाइंडिंगचं काम करायचे. मला जे येतं ते त्यांच्या पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी बसून आलेलं, आणि थोडं माझ्या स्वतःच्या घोडचुकांतून.

माझी मुंज १९८७ साली झाली. तिचे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. पानं पिवळी पडलीत, वरचं प्लॅस्टिक कडक झालंय आणि फोटो निघता निघत नाहीत. मला त्यांचं स्क्रॅपबुक करायचंय. कसे काढू?
— एक वाचक, मिरज

असलाच अल्बम मी बहिणीच्या लग्नात मोठ्या हौसेने आणला होता. वडिलांनी पानाला बोट लावलं, उचललं आणि म्हणाले, "हा अल्बम नाही, माशा मारायचा कागद आहे." मी रागावले होते. आज बहिणीच्या सप्तपदीचा निम्मा फोटो त्या पानावर आहे आणि निम्मा माझ्या पाकिटात, कारण पंधरा वर्षांनी मी तो नखाने उचकटायला गेले.

तुम्ही नख लावू नका. सगळ्यात आधी प्रत्येक पानाचा, फोटो जागेवर असतानाच, मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा. एक तर काही बिघडलं तर हाताशी काहीतरी राहील, आणि दुसरं म्हणजे फोटोंचा क्रम टिकेल. मुंजीत मातृभोजन आधी की भिक्षावळ आधी, हे एकदा फोटोंचा गठ्ठा झाला की घरात तीन जण तीन तऱ्हेने सांगतात.

मग वरचं प्लॅस्टिक हळूच सोलून काढा आणि दातांत घालायचा रेशमासारखा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, हातभर घ्या. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली दोरा सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्या. दोरा पानाला घासून चालला पाहिजे, फोटोला नाही. चर्र असा बारीक आवाज येतो. तो थांबला की तुम्हीही थांबा, तिथे गोंद जास्त आहे. बाजू बदला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून या. एका फोटोला दहा मिनिटं लागली तर लागू देत. पाणी, थिनर, गरम इस्त्री यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ पडतो आणि मग सगळंच हातात येतं. एखादा फोटो अजिबात ऐकत नसेल तर पानाचा तेवढा भाग कात्रीने कापून पानासकट ठेवा. त्यात कमीपणा नाही.

त्या काळच्या रंगीत फोटोंमध्ये निळसर रंग आधी उडतो आणि चेहरे तांबडे दिसू लागतात. तुमचे तसे झाले असतील तर काढल्या काढल्या स्कॅन करून घ्या. अंधारात ठेवले तरी हा रंग उडायचा थांबत नाही.

गमतीचा भाग म्हणजे गोंद लावलेल्या पानांची कल्पना फार जुनी आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली अशा वहीचं पेटंट घेतलं होतं. पानावर आधीच गोंदाच्या रेघा, त्या ओल्या करायच्या आणि कात्रण दाबायचं. कात्रणांना ते ठीक होतं. फोटोंना नाही.

मग फोटो पानावर राहणार कसे? फेविकॉल चालेल का?
— वाचक, ठाणे

फोटोला कुठलाही गोंद लावायचा नाही. मैद्याची खळसुद्धा नाही. वडिलांच्या दुकानात खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. ती पुठ्ठ्याला उत्तम, फोटोला वैरी.

फोटोला कोपरे करा. दीड सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब अशी कागदाची पट्टी घ्या. तिची दोन्ही टोकं मधोमध खाली दुमडा, विमानाचं नाक करतो तशी. मागच्या बाजूला खिसा तयार होतो, त्यात फोटोचा कोपरा जातो. गोंद लावायचा तो कोपऱ्याच्या पाठीला आणि पानाला. चारही कोपरे आधी फोटोला घालून घ्या, मग फोटोसकट पानावर टेकवा, म्हणजे माप चुकत नाही. उद्या नातीला फोटो मोठा करून हवा असेल, तर तो सुखरूप बाहेर येतो.

पानासाठी साधा कार्डशीट घेऊ नका, त्यातला स्वस्त लगदा काही वर्षांत तपकिरी होतो. दुकानात 'ॲसिड-फ्री', म्हणजे आम्ल नसलेला, असं स्पष्ट मागा. मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून घेते. १९४० पासूनची संस्था आहे, आणि सुती चिंध्यांचा तो कागद हाताला खादीसारखा लागतो. आणखी एक: दर दोन पानांच्या मध्ये, शिवणीपाशी, त्याच कागदाची दोन सेंटिमीटरची पट्टी घालून शिवा. फोटोंमुळे पानं जाड होतात आणि पट्टी नसली तर पुस्तक जांभई दिल्यासारखं आ वासून बसतं.

ग्लिटर, टिकल्या, वाळलेली फुलं लावू का?
— वाचक, नाशिक

समोरच्या पानावर फोटो नसेल तर खुशाल. टिकली समोरच्या चेहऱ्यावर दहा वर्षं दाबून राहिली की तिचा गोल ठसा उमटतो. ग्लिटर मात्र नकोच. ते जन्मभर चादरीत सापडतं.

सुट्टीत दोन नातवंडं येणार आहेत, सात आणि नऊ वर्षांची. शिवण न घालता एका दुपारी होईल असं छोटं पुस्तक सांगाल?
— एक आजी, सोलापूर

आजी, एक ए-फोर कागद आणि कात्री एवढंच काढून ठेवा. कागद आडवा धरून उभ्या तीन आणि आडवी एक अशा घड्या घाला, आठ सारखे चौकोन झाले पाहिजेत. उलगडा. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा कागद निम्मा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या घडीवरून फक्त एका चौकोनाएवढं कापा. पुन्हा उलगडलं की कागदाच्या पोटात दोन चौकोनांएवढी फट दिसेल. आता लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. फट उघडते आणि वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. पानं एका बाजूला वळवली की आठ पानांचं पुस्तक तयार, प्रत्येक पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटर.

मुलं इथेच फसतात: कागद सपाट असतानाच फोटो लावतात आणि निम्मे आजोबा उलटे येतात. आधी कोरं पुस्तक घडवा, पेन्सिलीने पानांना आकडे घाला, मगच उलगडा. पाच बाय सात सेंटिमीटरच्या प्रिंट काढून आणा आणि मुलांना त्या हव्या तशा चिकटवू द्या. त्या प्रती आहेत, मूळ फोटो कपाटात आहेत. कागद १०० ते १२० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, पुड्यावर छापलेलं असतं) असू दे, त्याहून जाड घडीवर फाटतो.

आमच्याकडे चार महिने पाऊस. अल्बमला बुरशी आणि कसर.
— वाचक, चिपळूण

बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर आधी ते हलवा. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतला दमटपणा आतच राहतो. जुन्या मांजरपाटात गुंडाळा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पोथीला बांधतात तसं वेखंड ठेवायचं तर वेगळ्या पुरचुंडीत, पानांत नाही. डांबरगोळ्या तर कपाटातूनच हद्दपार करा. गौरी-गणपतीला घर झाडताना पुस्तकं उघडायचा मोह होतो, पण तेव्हा हवा ओलीच असते. दिवाळीच्या आसपास कोरड्या दिवशी, सावलीत उघडा.

माझं अक्षर वाईट आहे. शिवाय फोटोखाली लिहायचं तरी काय? 'सत्यनारायण, १९८१' एवढंच सुचतं.
— वाचक, बेळगाव

वाईट अक्षरातच लिहा, छापून चिकटवू नका. माझ्या आईने 'श'ला कधी शेंडी दिली नाही. तिच्या पुस्तकात मला फोटोंआधी तेच दिसतं.

आणि फोटोत दिसतं ते लिहू नका, दिसत नाही ते लिहा. माझ्याकडे एक चौकोनी फोटो आहे, आगफा क्लिक थ्रीने काढलेला. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून प्रत्येक वेळी सगळे श्वास रोखून उभे. आळंदीचा घाट, आई, आत्या, मांडीवर मी. खाली मी लिहिलंय: "आत्याच्या हातात दिसत नाही ती पिशवी आहे. तिच्यात सहा केळी आणि वडिलांची चप्पल. दुसरी चप्पल इंद्रायणीत गेली. फोटो काढताना वडील अनवाणी होते, म्हणून सगळे हसतायत."

तारीख, गाव, नावं फोटोच्या पाठीवरही हवीत. जुन्या कागदी फोटोला मऊ पेन्सिल, कडेला, न दाबता. अलीकडच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे सीडीवर लिहायचं मार्कर पेन घ्या आणि पाच मिनिटं वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. बॉलपेन नको. परवाच एकांकडे पाहिलं, पाठीवर लिहिलेलं 'चि. सौ. कां.' पुढून नवरीच्या गालावर उलटं वाचता येत होतं.