घरी राहून परदेशी विद्यापीठातून थिऑलॉजीत (ख्रिस्ती धर्मशास्त्रात) पीएच.डी. करताना

आपण चर्चच्या पाळकाची जबाबदारी सांभाळून, घरी राहूनच पीएच.डी. करू इच्छिता, म्हणून अध्यापनाच्या नोकरीचा मुद्दा आधी मांडतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार भारतीय विद्यापीठांना दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. त्यामुळे घरबसल्या मिळवलेली परदेशी पदवी येथे अध्यापनासाठी चालेलच, असे गृहीत धरू नका आणि जिथे शिकवायचे आहे त्या संस्थेचे उत्तर प्रवेशापूर्वीच लेखी घ्या.

दक्षिण आफ्रिकेतील युनिसा हे मुळात दूरशिक्षणाचेच विद्यापीठ आहे, तर स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठाने थिऑलॉजीतील संशोधनासाठी दूरस्थ मार्ग ठेवलेला आहे. तरीही विद्यापीठाच्या नावापेक्षा मी मार्गदर्शकाला अधिक महत्त्व देईन. त्यांचे अलीकडचे लेख वाचा आणि मगच संशोधनाचा नेमका प्रश्न मांडणारा आराखडा पाठवा. 'मला ख्रिस्तशास्त्रात रस आहे' एवढ्यावर उत्तर येत नाही.

विषय असा निवडावा, की घरी राहणे ही अडचण न ठरता सोय ठरावी. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' नियतकालिकातील धर्मचर्चा किंवा रेव्हरंड टिळकांच्या अभंगांतील भक्तिविचार अभ्यासायचा असेल, तर मराठी जाणणारा आणि महाराष्ट्रातच राहणारा संशोधक परदेशातल्यापेक्षा एक पाऊल पुढेच असतो. युरोपातील हस्तलिखितांवर आधारलेला विषय घेतलात, तर मात्र घरी हात चोळत बसाल (स्कॅन मागवण्याचा खर्च वेगळाच).

ब्रिटिश प्रबंध साधारणतः ८०,००० ते १,००,००० शब्दांचा असतो, तेव्हा नाताळ आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ वगळून लेखनाचे आठवडे आपल्या चर्चच्या पंचांशी आताच ठरवून घ्या.