चूक दिव्याची, संशय वर्णाचा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याच्या कृष्णवर्णीय वर्गमित्राची गाडी पोलीस वारंवार अडवतात, असे तो सांगतो. पण गाडीचा मागचा दिवा खरोखरच बंद असेल, तर ती अडवण्यात भेदभाव कोठे आला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हाच मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९६ साली ‘व्रेन’ खटल्यात आला होता. वाहतुकीचा नियम मोडल्याचे सबळ कारण असेल तर गाडी अडवणे वैध ठरते, अधिकाऱ्याच्या मनातील हेतू त्यासाठी तपासला जाणार नाही, असा निकाल न्यायालयाने एकमताने दिला. वर्णभेद झाला असल्यास समान संरक्षणाच्या तत्त्वाखाली दाद मागता येते, हे खरे. परंतु तेथे हेतू सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर पडतो आणि एकट्याच्या अनुभवावर तो पेलणे अतिशय कठीण असते. बारीकसारीक चुका बहुतेक सर्वच चालकांच्या हातून होतात. त्यांपैकी कोणाला अडवायचे हे पोलीस ठरवतो आणि भेदभाव शिरतो तो तेथेच.

म्हणून नोंदी महत्त्वाच्या ठरतात. १९९२ साली रॉबर्ट विल्किन्स हे कृष्णवर्णीय वकील आजोबांच्या अंत्यविधीहून कुटुंबीयांसह परतत असता मेरीलँड राज्यात त्यांची गाडी अडवण्यात आली. त्यांनी झडतीस संमती नाकारल्यावर सर्वांना पावसात उभे करून अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याकडून गाडी हुंगवली गेली आणि काहीही सापडले नाही. त्यांनी दावा दाखल केला. तडजोडीनुसार राज्य पोलिसांना झडत्यांच्या नोंदी ठेवाव्या लागल्या, तेव्हा दिसून आले की आय-९५ महामार्गावरील चालकांत कृष्णवर्णीय सुमारे १७ टक्के असताना झडती घेतलेल्यांत मात्र ते ७० टक्क्यांहून अधिक होते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातील गाड्या अडवल्याच्या सुमारे १० कोटी नोंदी अभ्यासल्या. अंधार पडून चालकाचा वर्ण ओळखणे अवघड झाले की अडवलेल्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते, हा २०२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो.

फिलाडेल्फिया शहराने २०२१ साली कायदा करून, ब्रेकचा एखादा दिवा बंद असणे यांसारख्या किरकोळ कारणांसाठीच गाडी अडवण्यास मनाई केली, हे मला योग्य वाटते. आपल्या मुलाच्या मित्राला एवढे अवश्य कळवावे : पोलिसाने झडतीसाठी संमती मागितल्यास शांतपणे नकार देण्याचा त्याला अधिकार आहे, मात्र तो अधिकार सांगण्याचे बंधन सर्वसाधारणपणे पोलिसावर नाही, आणि प्रत्येक वेळची तारीख, ठिकाण व सांगितलेले कारण त्याने लिहून ठेवावे.