जुन्या शिडाची बॅग घरच्या मशीनवर शिवता येते का?

गोव्याहून ओळखीतून होडीचं जुनं शीड मिळालंय, त्याची प्रवासाची बॅग घरच्या मशीनवर होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. मी इथे बेळगावात, शहापूरला पायमशीनवरच शिवते.

आधी शीड गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोनदा पाणी बदला. मीठ राहिलं तर आपल्या पावसाळ्यात ते ओल धरतं आणि चेनचा रनर गंजतो. मग कडेला हाताने फाडून बघा. सहज फाटलं तर उन्हाने कुजलंय. तेवढा भाग सोडा, कितीही जीव अडकला तरी.

पांढरं, कडक शीड बहुधा पॉलिएस्टरचं असतं. टाचणीचं भोक त्यात कायमचं राहतं, म्हणून कपड्यांचे चिमटे लावा. सुई 16 किंवा 18 नंबरची, टाका लांब, दोरा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा कापडाच्या कितीतरी आधी कुजतो. पातळ, रंगीत शीड नायलॉनचं. त्याची घडीची पिशवी सुरेख होते.

शिडावरचा नंबर आणि कोपऱ्यातल्या धातूच्या कड्या कापून टाकू नका, त्यातच खरी शोभा आहे. फक्त तो कोपरा फार जाड असतो. तिथे मशीनवर जबरदस्ती नको, चपला-बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून हाताने टाके घालून घ्या.