आई कधी दारूच्या वाटेला गेली नाही, मग स्वादुपिंडाला सूज आली कशी?

या वेळी स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल आणि पित्ताच्या खड्यांबद्दल पाच पत्रं आली, सगळी ठाणे-नवी मुंबईकडची आणि सगळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल. म्हणून हा अंक त्यांनाच देतोय.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, माझी आई ७८ वर्षांची, नौपाड्यात आमच्याकडेच असते. गेल्या महिन्यात घरी पुरणपोळीचा बेत होता, रात्री तिच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या, आम्ही ॲसिडिटी समजून सोडा दिला, ओवा दिला आणि तीही म्हणाली की आता बरं वाटतंय, झोपा तुम्ही. सकाळी बघतो तर हातपाय गार, मला मावशीच्या नावाने हाका मारतेय. ॲडमिट केलं तर रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम) २४०० निघालं, स्वादुपिंडाला सूज आणि पित्ताशयात खडे. नऊ दिवसांनी घरी आली, पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशनही तिथेच करून दिलं, आता बरी आहे. पण नातेवाईक म्हणतात हा दारुड्यांचा आजार, आणि मला रोज वाटतं की रात्रीच नेलं असतं तर. आमचं चुकलं का?

उत्तर: ताई, आधी दारूचं मिटवू. दारूने हा आजार होतो हे खरंय, पण साठीच्या पुढे आणि त्यातही बायकांमध्ये सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं ते पित्ताचे खडे. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यात उघडतात तिथे बहुतेकांचं तोंड एकच असतं, एखादा बारीक खडा पिशवीतून निसटून तिथे अडकला की स्वादुपिंडाचा रस तुंबतो, आणि जो रस आतड्यात जाऊन जेवण पचवायचा तो ग्रंथीच्या आतच जागा होऊन तिलाच पचवायला लागतो. जड जेवणानंतर पिशवी जोरात आकुंचन पावते म्हणून असं दुखणं बरेचदा जेवल्यावर, रात्रीच उठतं. पुरणपोळीचा दोष नाही, खडे कितीतरी आधीपासून तिथेच असणार. नातेवाईकांना हे खुशाल वाचून दाखवा.

आता रात्रीचं. रात्री नेलं असतं तर सलाईन आणि दुखण्याचं औषध सहा-सात तास आधी सुरू झालं असतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण खडा अडकला तो तुमच्यामुळे नाही, आणि आईने स्वतः बरं वाटतंय म्हटल्यावर कुठलंही घर झोपलंच असतं. मला खरं सांगायचंय ते इथेच आहे, वय झालेल्या माणसाचं पोट कमी बोलतं. तरुण माणूस याच आजारात पोट धरून पुढे वाकून बसतो, पाठीपर्यंत कळ जाते, आडवं पडवत नाही. सत्तरीपुढे कधी नुसत्या उलट्या असतात, कधी नुसती गुंगी, कधी बोलण्यात गोंधळ, लघवी कमी, धाप, हातपाय गार. त्यात डायबेटिस असेल किंवा गुडघ्यासाठी रोज पेनकिलर चालू असेल तर कळ आणखी झाकली जाते, आणि त्या पिढीच्या बायका तर घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दुखणं गिळतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आजी म्हणाल्या बरं आहे यावर मी विश्वास ठेवणं सोडून दिलंय, मी हात लावून बघतो, नाडी बघतो, लघवी कधी झाली ते विचारतो.

पहिल्या २४ तासांत आजार किती गंभीर होईल याचा अंदाज घ्यायला आम्ही पाच गोष्टी मोजतो: रक्तातलं युरिया नायट्रोजन वाढलंय का, शुद्धीत गोंधळ आहे का, ताप-नाडी-श्वास-पांढऱ्या पेशी यांत सूज अंगभर पसरल्याची खूण आहे का, वय ६० च्या वर आहे का, फुप्फुसाभोवती पाणी आहे का. प्रत्येकाला एक गुण, जितके गुण जास्त तितका धोका जास्त. तुमच्या आईचे दोन गुण दारातच होते, वय आणि तो गोंधळ. लायपेज २४०० या आकड्याला मात्र घाबरू नका, नॉर्मलच्या तिप्पट झालं की निदानाला बळ मिळतं एवढंच त्याचं काम, आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं आणि रोज रोज तपासून काही हाती लागत नाही.

पुन्हा कुणाच्या बाबतीत असं झालं तर, म्हणजे वय झालेल्या माणसाला वरच्या पोटात दुखतंय आणि उलटी होतेय, सोड्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि तिथे गेल्यावर पहिल्यांदा ईसीजी काढायला सांगा, कारण हार्ट अटॅकही कधी कधी अशाच पोटदुखीचं सोंग घेऊन येतो.

प्रश्न: वडील ८१, नेरुळला ॲडमिट आहेत, पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची हीच सूज. हार्ट आधीच कमजोर, पंपिंग ३५ टक्के. तिथले डॉक्टर सलाईन अगदी मोजून देतायत, माझा मेव्हणा म्हणतो या आजारात बाटल्यावर बाटल्या लावायच्या असतात, हे कंजूषी करतायत. शिवाय दुसऱ्याच दिवशी पेज दिली, पोटाला आराम नको का?

उत्तर: मेव्हण्यांचं म्हणणं काही वर्षांपूर्वीपर्यंत बरोबर होतं, आम्हीही तसंच शिकलो. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात एका गटाला भराभर सलाईन दिलं आणि दुसऱ्याला बेताने. भराभर दिलेल्यांत अंगात पाणी साठायचं प्रमाण २०.५ टक्के आणि बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के, फायदा मात्र काहीच दिसला नाही, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. आणि त्यात आधीपासून हार्ट फेल्युअर असलेले पेशंट घेतलेच नव्हते, मग ३५ टक्के पंपिंगवाल्या माणसाला किती जपायला हवं ते तुम्हीच बघा. पाणी कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर फुप्फुसं भरतात, तुमच्या वडिलांसाठी या दोन्हीतली वाट फार अरुंद आहे आणि ते डॉक्टर तीच वाट चालतायत. तुम्ही बाजूला बसून काय बघायचं तर लघवीची पिशवी. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली लघवी यायला हवी. ती घटतेय किंवा उशा वाढवल्याशिवाय झोपवत नाहीये असं झालं की लगेच सिस्टरना सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

पेजेचं म्हणाल तर उपास करायचे दिवस गेले. उलटी थांबलीय, भूक लागतेय, तर २४ तासांच्या आत तोंडाने द्यायला सुरुवात करतात, कारण आतडं उपाशी राहिलं की त्याचं अस्तर कमजोर होतं आणि आतले जंतू रक्तात शिरायला वाट मिळते. तोंडाने नाहीच गेलं तर नाकातून नळी, शिरेतून पोषण अगदी शेवटी. आणि अँटिबायोटिक का लावलं नाही म्हणून पण भांडू नका, जंतुसंसर्ग झाल्याचं दिसलं तरच ते लागतं.

प्रश्न: मिस्टर ७४, कोपरखैरणे. पॅन्क्रियाटायटिसचा हलका अटॅक होता, पाच दिवसांत घरी सोडलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, डॉक्टर म्हणाले लगेच काढून टाका. दोन्ही मुलं म्हणतात या वयात ऑपरेशन नको, एकांनी खडे विरघळवायचा काढा दिलाय तो घेऊन बघू.

उत्तर: काकू, मुलांची भीती मला कळते, पण इथे थांबण्यातच जास्त धोका आहे. नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न घेऊन अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. हलक्या अटॅकनंतर त्याच ॲडमिशनमध्ये पिशवी काढलेल्यांत पुन्हा खड्यांमुळे दवाखाना गाठायची वेळ सुमारे ५ टक्क्यांवर आली, आणि चारेक आठवडे थांबलेल्यांत ती १७ टक्क्यांवर आली. म्हणजे शंभरातल्या बाराजणांचा त्रास नुसता लवकर केल्याने वाचला. आणि पुढचा अटॅक पहिल्यासारखा हलकाच येईल असं कुणी सांगू शकत नाही.

वय ७४ हे एकटं कारण पुरत नाही. जिना चढवतो का, हार्ट आणि फुप्फुस कसं आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे भूलतज्ज्ञ बघतील आणि सांगतील. दुर्बिणीतून होतं, बरेचजण दोन-तीन दिवसांत घरी येतात. (स्वादुपिंडाभोवती पाणी साठलेलं असेल, मोठा अटॅक असेल, तर मात्र ते निवळेपर्यंत थांबावंच लागतं, तुमचं तसं दिसत नाही.) भूल खरंच झेपणार नसेल तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून आतड्यापर्यंत दुर्बीण घालून, पित्ताच्या नळीचं तोंड कापून मोठं करतात, म्हणजे खडा अडकत नाही, पण पिशवी आतच राहते आणि तिची बाकीची दुखणीही. काढ्याने खडे विरघळत नाहीत. ॲलोपथीत एक गोळी आहे ती फक्त बारीक, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्महिने घेऊन चालते आणि बंद केली की खडे बरेचदा परत येतात.

खर्चाची काळजी असेल तर एक करा, ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. हॉस्पिटल त्या योजनेच्या यादीत आहे का आणि हे ऑपरेशन बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न: मी ६९, खारघर. सहा महिन्यांपूर्वी पॅन्क्रियाटायटिस झाला, कारण सापडलं नाही. आता शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं, वजन ७ किलो उतरलं आणि शुगर नव्याने निघालीय.

उत्तर: दादा, हे महिनाभर लांबवू नका, या आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना भेटा. बहुतेक तुमच्या स्वादुपिंडाचा रस आणि इन्सुलिन दोन्ही कमी पडतायत, शौचाची इलास्टेज तपासणी करतात त्यात रसाचं कळतं. रस कमी निघाला तर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर आणि जेवताना घ्यायच्या, उपाशीपोटी घेतल्या तर वाया जातात. पण चाळिशीच्या पुढे कारण न सापडलेला अटॅक आणि त्यावर वजन उतरणं, नवी शुगर, असं असेल तर आत बारीक गाठ लपलेली नाही ना हे सीटी, एमआरआय किंवा दुर्बिणीतल्या सोनोग्राफीने बघायलाच हवं. बरेचदा काही निघत नाही. तरी बघायचं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि कॅल्शियमचे रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांची यादीही सोबत न्या, लघवीच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनीही असं होतं, फक्त आपल्या मनाने एकही बंद करू नका.

प्रश्न: आईच्या सोनोग्राफीत सहज खडे निघाले, त्रास काहीच नाही. वय ७२, ठाणे. काढायचे का?

उत्तर: नाही, त्रास न देणारे खडे बहुतेक वेळा तसेच ठेवतात. फक्त रिपोर्ट फाइलमध्ये वर ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, म्हणजे उद्या त्यांना रात्री पोटात दुखलं, ताप-थंडी आली किंवा डोळे पिवळे दिसले तर सोड्याचा ग्लास न शोधता कुणीही थेट गाडीची चावी उचलेल.